तुझ्या वाट्याची चव

रंजना,

परवा सकाळी भाजीत मीठ घालायच्या आधी मी तुझी वाटी बाजूला काढली. हात सवयीने गेला. दोडक्याची भाजी होती. वाटी ओट्यावर ठेवली, वर झाकण ठेवलं, मग पातेल्यात मीठ टाकलं, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं. तुझी श्रेया ताटं मांडत होती, तिनेही पाहिलं. प्रकाशभाऊजी जेवायला बसले तेव्हा त्यांनी ती वाटी आपल्या ताटाकडे ओढली आणि तिच्यातलंच जेवले. वरून मीठ मागितलं नाही.

दारात येणारी प्रत्येक बाई तेच म्हणते, "सुटली बाप्पा एकदाची." मला ते ऐकवत नाही. तुला सुटायचं नव्हतं. जूनमधल्या एका दिवसापर्यंत पोचायचं होतं, आणि त्या दिवशी एक वाटी पूर्ण खायची होती. एवढंच मागणं होतं तुझं. लोकांना सांगितलं तर हसतील, म्हणून मी कोणाला सांगत नाही. तुला सांगते.

तू या घरात माझी धाकटी जाऊ म्हणून आलीस तेव्हा मला वाटलं होतं, हिचं माझं जमायचं नाही. मी घरी पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घेणारी, डाळसुद्धा मापाने काढणारी. तू मूठभर म्हणून ओंजळभर टाकायचीस. कोणत्याही भाजीला मीठ किती, तर "अंदाजानं" हे तुझं उत्तर. मग तुझ्या किडन्या गेल्या, आणि तुझं सगळं आयुष्य मापावर आलं. ते माप माझ्या हाती आलं, कारण घरात दुसऱ्या कोणाला ते जमलं नसतं. किडनी द्यायला आपल्यातलं कोणी जुळलं नाही. राहिलं डायलिसिसचं यंत्र. सोमवारी आणि गुरुवारी राळेगावहून एसटीने कळंबवरून यवतमाळ, दुपारी चार तास यंत्रावर, संध्याकाळच्या गाडीने परत.

तुझं कोरडं वजन, म्हणजे यंत्राने अंगातलं पाणी काढल्यावरचं, अठ्ठेचाळीस किलो. दोन खेपांच्या मध्ये दोन किलोच्या वर चढू द्यायचं नाही. पाणी दिवसाला पाऊण लिटर, चहा आणि औषधाचा घोट त्यातच. मीठ जवळजवळ नाहीच. केळं नाही, नारळपाणी नाही, बटाटा उकळून त्याचं पाणी फेकल्याशिवाय नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. तेव्हा तू बर्फाचा एक खडा गालात धरून बसायचीस आणि माठाकडे पाठ करायचीस. तू त्या माठाकडे पाहिलंस तर मलाच भीती वाटायची.

आणि तो तुझा हात. डाव्या मनगटाच्या वर डॉक्टरांनी शीर जोडून दिली होती, यंत्राच्या सुया टोचायला. तिथे बोट ठेवलं की आत बारीक घुरघुर लागायची, झोपलेलं मांजर करतं तशी. ती रोज तपासायची, थांबली तर तसंच उठून दवाखान्यात यायचं, असं बजावलं होतं. सकाळी चहाच्या आधी तू हात पुढे करायचीस.

"पाहा ताई, इंजन चालू हाये का?"

"आहे."

"मंग चहा द्या. गाडी निघाली."

तू हसायचीस. मी बोट काढून घेतलं तरी ती घुरघुर माझ्या बोटात राहायची. पोळ्या लाटताना, फळ्यावर अपूर्णांक लिहिताना. एखादं यंत्र घरात कुठेतरी चालू आहे आणि त्याच्या आवाजावर सगळ्यांनी कान ठेवलाय, असं घर झालं होतं आपलं.

त्या दवाखान्यातल्या खोलीची तुला भीती वाटायची, पण तू ती बोलून दाखवली नाहीस. खिडकीजवळच्या खाटेवर घाटंजीचे काका असायचे. सुया टोचल्या की ते छताकडे पाहत हळू आवाजात भजन म्हणायचे. एका गुरुवारी त्या खाटेखाली दुसऱ्याच कोणाच्या चपला होत्या. तू चपलांकडे पाहिलंस, मी पाहिलं. त्या खोलीत कोणी कोणाबद्दल विचारत नाही. नवीन चादर घातली जाते आणि यंत्र सुरू होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तू श्रेयाकडून तिचा फोन आणि कानात घालायच्या वायरी मागून घेतल्यास. काकांच्या भजनाची जागा भरायला, असं मला वाटतं. तू कधी तसं म्हणाली नाहीस.

श्रेयाच्या फोनमध्ये ती कोरियन पोरं होती. गाणारी, नाचणारी, केसांना रंग लावलेली. एक शब्द कळत नव्हता तुला, पण चार तास त्यांच्यावर निघायला लागले. त्यातला एक तुझा झाला. त्याचं नाव तू अगदी नीट घ्यायचीस. माझ्या जिभेला ते वळायचं नाही, म्हणून मी त्याला बाळ्या म्हणायला लागले.

"बाळ्या काहून म्हणता वो त्याले? लाखो पोरी मरतात त्याच्यावर."

"त्यात तू एक. एवढी मोठी पोरगी घरात असलेली."

"मी काय मरून राह्यली? मी त्याची माय लागतो. कसा सुकला पाहा."

मग त्याला फौजेत जावं लागलं. त्यांच्याकडे प्रत्येक पोराला जावं लागतं म्हणे, कितीही मोठा गवई असो. जायच्या आधी त्याने डोकं भादरून घेतलं आणि तो फोटो जगभर गेला. तू तो फोटो तुझ्या फोनवर लावलास, उघडला की तोच दिसायचा. मला तो बघवायचा नाही. आपल्याकडे भादरलेलं डोकं केव्हा दिसतं, तुला माहीत होतं. मी म्हटलं, "काढ तो. घरात कोणी गेल्यासारखं वाटतं." तू म्हणालीस, "त्याच्याकडं तसं नसते ताई. तिकडं जाणारा भादरते. मागं राहणारा नाई." फोटो तसाच राहिला.

त्याची फौज आणि तुझं यंत्र जवळपास बरोबरच सुरू झालं होतं. त्याच्या सुटकेचा महिना ठरलेला होता, तुझा कोणी सांगत नव्हतं. तू त्याचाच महिना आपला धरलास. तो येईपर्यंत मी हाये, असं तू कधी बोलली नाहीस, पण प्रत्येक गोष्ट त्या महिन्याच्या आत किंवा बाहेर टाकायचीस. श्रेयाचा बारावीचा निकाल आत होता, म्हणून त्याची तुला काळजी नव्हती. दिवाळी बाहेर होती, म्हणून तिचं नावही काढायची नाहीस.

याच दिवसांत तू मला खायला घेऊन जायला लागलीस. हे वाक्य कोणाला वेड्यासारखं वाटेल, पण तसंच होतं. तुला खायला बंदी, आणि नेणारी तू.

पहिली यवतमाळातली कॉलेजजवळची गाडी. काडीला चीज टोचून, पिठात बुडवून तळून देतो तो पोरगा, वर साखर भुरभुरतो. गाडीच्या काचेला बाळ्याचे आणि त्याच्या सोबत्यांचे फोटो चिकटवलेले. तू एक काडी घेतलीस, पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातलं त्याचं छोटं कार्ड काढलंस, काडीशेजारी धरलंस आणि फोटो घेतलास. अशा जागी गेल्यावर आधी त्याच्या कार्डासोबत खाण्याचा फोटो, मग घास, असा या पोरींचा रिवाज आहे, हे मला तेव्हा कळलं.

"नैवेद्य दाखवून राह्यली का त्याला?"

"मंग? देव तरी कुठं खाते? आता तुमी खा."

"मी?"

"मले चालते काय?"

"नाही चालत."

"म्हणून म्हणतो. तुमी खा, आन मले सांगा कसं लागते."

मी खाल्लं. म्हटलं, बरं आहे. तू अशी रागावलीस की गाडीवरचा पोरगा बघायला लागला. "बरं म्हंजे काय? पोरांचे पेपर तपासता तवा बरं आहे म्हणून सोडता का? पयले काय लागते, मंग काय, शेवटी तोंडात काय राह्यते, ते सांगा." तिथून आपला नियम झाला. एक घास तुझा, रस्सा नाही, तोही यंत्रावर जायच्या आधीच. बाकी सगळं माझं. आणि चव क्रमाने सांगायची. खोटं सांगायचं नाही, वाईट असेल तर वाईट.

तुझ्यामुळे मी चव सांगायला शिकले. इतकी वर्षं मी फक्त जेवत होते. आंबवलेल्या कोबीत आधी आंबट येतं, तिखट मागून चढतं, आणि लसूण शेवटपर्यंत जात नाही. तांदळाच्या पिठाच्या त्या जाड वळकट्यांना स्वतःची चव नाहीच, त्या रश्श्याची घेतात. सावजीचा रस्सा पचवणाऱ्या माणसाला त्यांचं तिखट फार नाही, पण ते गोडाच्या आडून येतं, म्हणून फसवतं. मी सांगत असताना तू डोळे मिटून बसायचीस आणि तुझा गळा हलायचा. गिळल्यासारखा. ते मला पाहवायचं नाही. पण मी थांबले की तू डोळे न उघडता म्हणायचीस, "मंग?"

मोठ्या डॉक्टरांना दाखवायला नागपूरला गेलो तेव्हा वरच्या मजल्यावरचं ते हॉटेल तू श्रेयाकडून आधीच शोधून ठेवलं होतंस. स्टीलच्या काड्यांनी खायचं होतं. माझ्या काडीतून नूडल तीनदा सुटून पडली आणि बाजूच्या टेबलावरच्या पोरींनी मला धरायला शिकवलं. तू तेव्हा जितकी हसलीस तितकं हसताना मी तुला यंत्र लागल्यापासून पाहिलं नव्हतं. त्याच दुपारी डॉक्टरांनी तुझ्या हृदयाचा फोटो काढून बघितला आणि मला एकटीला आत बोलावलं. भिंती जाड झाल्यात, म्हणाले. सांभाळा. मी बाहेर आले. तू विचारलंस, "काय म्हणे?" मी म्हटलं, "मीठ अजून कमी." हे खोटं नव्हतं, तेही म्हणालेच होते. तू माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, "त्या नूडलीत तीळ होते ना? ते सांगायचे राह्यले तुमचे."

आणि पांढरकवड्याजवळचा ढाबा. तुझ्या मावसबहिणीकडे केळापूरला गेलो होतो, परतताना हायवेवर तुला पाटीवर 'कोरियन' दिसलं. आत टीव्हीवर गाणी लावलेली, भिंतीवर पोरांचा भला मोठा फोटो. तू फोटो पाहिलास आणि तुझं तोंड उतरलं. "हे आपले नाईत. हे दुसरे होत." मालक म्हणाला, "सब एकच दिसते ना ताई." तू त्याला उभं करून कोण कोणता ते शिकवलंस. कोरियन म्हणून आलेल्या ताटात साध्या नूडल्स होत्या आणि वर शेंगदाण्याची चटणी. मी क्रमाने सांगितलं, आधी तेल, मग शेंगदाणा, शेवटी पुन्हा तेल. दुसऱ्या दिवशी यंत्र होतं म्हणून तू एक घास घेतलास आणि म्हणालीस, हे तर आपलंच हाये. बाळ्याचं कार्ड मात्र त्या ताटाजवळ ठेवलं नाहीस. त्याचा अपमान होईल म्हणे.

पण आपली खरी जागा पायलची. दत्त चौकाच्या आतल्या गल्लीतली, चार टेबलांची. पायल पंचविशीची असेल, स्वतःच रांधते, स्वतःच वाढते. एक भिंत तिने पोरींना चिठ्ठ्या चिकटवायला सोडून दिलीय. कोणाच्या इंग्रजीत, कोणाच्या त्यांच्या त्या गोल-चौकोनी अक्षरांत. तू आपल्या भाषेत लिहिलीस. "बाळा, जेवत जाजो. झोपत जाजो. हातपाय सांभाळजो." बाळ्या हे नाव तू शेवटी घेतलंसच.

सोमवारी अकराला ती शटर उघडायची आणि आपण बाहेर उभ्याच असायचो. तू टेकून बसायचीस, पाय वर घ्यायचीस. पायल येता-जाता मला विचारायची, "मावशी, काकूले कोबी चालते का? दोनदा उकळली तर? व्हिनेगर? सोया सॉस बिलकूलच नाई का? रस्सा किती मिली?" मी उत्तरं द्यायचे. मला वाटायचं, चौकस पोरगी आहे, चांगलं आहे. तू चिडायचीस. "कायले विचारते व मायबाई, मले चालत काईच नाई. श्वास चालते तेवढा घेतो." पायल हसायची नाही. मान हलवून आत जायची.

मे महिना उजाडला आणि मला तुझ्याकडे बघायला भीती वाटायला लागली. आकड्यांत काही नव्हतं. वजन मापात, पाणी मापात, पायांवर सूज नाही. पण तू बसून झोपायला लागली होतीस. अंगठी तू स्वतःच काढून श्रेयाच्या बोटात घातलीस, आणि विचारलं तर म्हणालीस, गरम होते. दुपारी अंगणातून वावटळ गेली की तू ती कुंपणाबाहेर जाईपर्यंत बघत राहायचीस. आणि तुझ्या हातातली घुरघुर. ती थांबली नव्हती, पण मला ती खोल गेल्यासारखी वाटायची. मी दवाखान्यात दाखवलं, त्यांनी नळी लावून ऐकलं, चांगली आहे म्हणाले. त्यांच्या नळीला ऐकू आलं ते खरं असेल. माझ्या बोटाला लागलं तेही खरं होतं.

शेवटच्या गुरुवारी आपलं भांडण झालं. कळंबच्या स्टँडवर गाडी उभी होती. त्याच्या सुटकेची तारीख जाहीर झाली होती आणि त्या दिवशी पायलकडे सगळ्या पोरी जमणार होत्या. कपांना गुंडाळायला त्याच्या चेहऱ्याचे कागदी पट्टे छापले होते.

"ताई, त्या दिवशी पुरी वाटी. रश्श्यासकट. एकच खेप."

"बघू."

"बघू म्हंजे नाई."

"बघू म्हणजे बघू."

"तुमचं बघू मले मालूम हाये. श्रेयाच्या स्कुटीलेही बघूच म्हटलं होतं, पोरगी अजून पायी फिरून राह्यली."

"एका वाटीत मीठ किती असतं, तुला माहीत आहे?"

"तुमाले माहीत हाये ना, बस झालं. दोघींनी कायले माहीत ठेवायचं?" मग तू खिडकीकडे तोंड केलंस. "ताई, हिशोबानं जगवलं तुमी मले, मी नाई कुठं म्हणतो? पण एक दिवस तं हिशोबाबाहेर पायजे. नाई तं मी जगली हे मले कसं समजन?"

उत्तर माझ्याकडे होतं. तू मोजली गेलीस म्हणूनच त्या बसमध्ये बसून माझ्याशी भांडू शकत होतीस, हे ते उत्तर. त्या दिवशी पायलकडे गेलो नाही, सरळ दवाखान्यात गेलो. रंजना, आज तू पुन्हा विचारलंस तरी मी हो म्हणणार नाही. भांडण मिटलेलं नाही. तू उठून गेलीस म्हणून ते जिंकलीस असं समजू नकोस.

सोमवारी सकाळी तू हात पुढे केलास. मी बोट ठेवलं. "आहे," म्हटलं. वजन एकोणपन्नास किलो आठशे. मापात. पिशवी भरलेली, फाईल वर, फाईलच्या कप्प्यात त्याचं कार्ड. तू पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होतीस. म्हणालीस, "ताई, जरा थांबा," आणि भिंतीला टेकलीस. मला वाटलं पट्टा तुटला.

डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय थांबलं. गुरुवार ते सोमवार हा मोठा खंड असतो, त्या खंडानंतरच्या सकाळी असं होतं कधीकधी. वजन आणि पाणी बरोबर असलं तरी. मी त्यांना आकडे सांगितले, त्यांनी ऐकून घेतले. बाहेर येऊन मी तुझ्या मनगटाच्या वर बोट ठेवलं. रोज सकाळी जिथे ठेवत आले होते, नेमकं तिथेच. आत काही नव्हतं. माझं बोट तिथे ठेवून मी किती वेळ उभी होते, मला माहीत नाही. मोजलं नाही.

दहाव्याला प्रकाशभाऊजींनी डोकं भादरलं. नदीवरून परत आले, टोपी काढून ओसरीवर बसले, आणि श्रेया त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मोठ्याई, बाबा त्याच्यासारखे दिसून राह्यले." मग तिला रडू आवरेना. तू गेल्यापासून ती तोवर रडली नव्हती. मागं राहणारा भादरतो, रंजना. आपल्याकडे तसंच असतं.

तुझा तो दिवस तेरवीच्या आत पडला. सुतकात बाहेरचं खायचं नसतं, आणि मी असले नियम मोडणारी बाई नाही, तुला माहीत आहे. श्रेयाला मी सकाळीच सांगितलं होतं, जायचं नाही. ती तुझा फोन घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसली. प्रकाशभाऊजी तेरवीची यादी करत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, पत्रावळी यवतमाळातूनच आणा लागन. तुमीच जा. पोरीलेही न्या." मग थोड्या वेळाने म्हणाले, "वाट पाहून राह्यल्या असतील तिथं."

आम्ही गेलो. अकराची वेळ, शटर उघडं होतं. आत पंधरा-वीस पोरी, सगळ्यांच्या कपांना त्याचा चेहरा, पण आवाज नव्हता; तू गेल्याचं श्रेयाने त्यांना आधीच कळवलं होतं. तुझ्या टेबलावर कोणी बसलं नव्हतं. भिंतीवर तुझी चिठ्ठी तशीच होती, तिच्यावर कोणी दुसरी चिकटवली नव्हती. टीव्हीवर तो सुटल्याचा व्हिडिओ लावला होता. तिकडे आपल्या आधी उजाडतं, आम्ही झोपेत होतो तेव्हाच तो बाहेर आला होता. एका फाटकातून आला, सलाम केला, हसला. केस बोटभर वाढलेले. गाल भरलेत, रंजना. जेवत होता वाटतं. पोरी टीव्हीकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघत होत्या.

पायलने काही न विचारता एक वाटी आणून तुझ्या जागेसमोर ठेवली. लाल रस्सा, वळकट्या, कोबी, वर तीळ. मी सोबत आणलेल्या तुझ्या फाईलच्या कप्प्यातून त्याचं कार्ड काढलं, वाटीला टेकवून उभं केलं. श्रेयाने तुझ्या फोनने फोटो घेतला. मग मी चमचा उचलला. सुतक मोडणार होतं, आणि मोडायचंच असेल तर तू मागितलेल्या खारट रश्श्याने मोडू दे, असं मनाशी ठरवलं होतं. तुझ्या त्या हिशोबाबाहेरच्या दिवसाची चव काय असती, ते एकदा माझ्या जिभेला कळू दे.

मी घास घेतला आणि थांबले. पुन्हा एक घेतला.

"पायल, मीठ राहिलं का गं?"

"नाई मावशी." ती उभीच होती, हात फडक्यात गुंडाळलेले. "तसंच हाये ते. काकूचं हाये. कोबी दोनदा उकळून पाणी फेकलं, सॉस नाई टाकला, रस्सा मोजून अर्धा पाव. होळीपासून करून पाहत होती मी. पयल्यांदा तं थुकलंच मी, एवढं बेकार झालतं. आता जमलं. काकूले सांगायचं नवतं, आजच द्यायचं होतं. पुरी वाटी." मग म्हणाली, "आज दुसरं करायला हात नाई झाला."

श्रेया भिंतीकडे तोंड करून उभी होती. टीव्हीवर तो पुन्हा पहिल्यापासून फाटकातून बाहेर येत होता. मी खाली मान घालून खात राहिले, आणि वाटी संपवली. रस्सासुद्धा. खोटं सांगायचं नाही हा आपला नियम आहे, म्हणून क्रमाने सांगते.

आधी आंबट लागतं. व्हिनेगरचं, पण टोचत नाही. मग लसूण, कच्चा नाही, तेलात परतलेला. तिखट उशिरा येतं, घशाशी, आणि थांबून राहतं. वळकट्या मऊ, मधे जराशा चिवट. तीळ ताजे भाजलेले आहेत, या वेळी विसरले नाही. मीठ नाही. दुसऱ्या घासापर्यंत ते नाही हे कळतं, मग जीभ ते शोधायचं सोडून देते. शेवटी तोंडात तीळ आणि लसूण राहतो, बराच वेळ.

हे तुला चाललं असतं.